ट्रेंड कुठला पकडू, ताई?

या वेळचं पत्र एका छोट्या टेक कंपनीच्या फाउंडरचं आहे, खाली नाव लिहिलंय 'तीन दिशांना ओढला गेलेला'. पत्र बरंच लांब होतं, कामाचं तेवढं ठेवलंय:

"ताई, आमची पाच जणांची कंपनी, तीन वर्षं झाली. सायकलवाले, पळणारे, बुद्धिबळवाले, वाचनवाले असे जे ग्रुप असतात ना, त्यांना 'या वेळी कोण कोण येणार' हे ठरवायला आमचं ॲप आहे, वेबवर पण चालतं. पहिली दोन वर्षं मस्त गेली कारण एका मोठ्या सोशल ॲपवर आमच्या पोस्ट खूप फिरायच्या आणि नवीन लोक बहुतेक तिकडूनच यायचे. गेल्या काही महिन्यांत तिथली रीच, म्हणजे पोस्ट किती जणांपर्यंत पोचते ते, इतकी पडलीय की विचारू नका. पैसे अजून आठ महिने पुरतील. पार्टनर म्हणतो ॲपमध्ये शॉर्ट व्हिडिओची फीड टाकू, सगळं जग तिकडे चाललंय. ज्यांनी पैसे घातलेत ते म्हणतात एआय असिस्टंट टाका, नाहीतर पैसे उभे करायच्या पुढच्या राउंडला कोणी दारात उभं करणार नाही. आमची डेव्हलपर म्हणते वेब बंद करू, फक्त ॲप ठेवू. मला तिघांचंही पटतं आणि रात्री झोप लागत नाही. कुठला ट्रेंड पकडू?
ता.क. लोकांचं पण काही कळत नाही. एवढं छान शेअरचं बटण दिलंय तरी ग्रुप चालवणारे आमच्या यादीचा स्क्रीनशॉट काढून चॅट ग्रुपमध्ये टाकतात. जाम चिडचिड होते."

अरे बाबा, तिघांचंही पटतंय म्हणजे अजून कोणाचंच नीट पटलेलं नाहीये, झोप उडालीय ती त्यामुळेच. तिघं तीन वेगळ्या गोष्टींना ट्रेंड म्हणतायत आणि तू तिन्ही एकाच तराजूत टाकतोयस.

कुठलाही ट्रेंड समोर आला की मी आधी स्वतःला विचारते, ही लोकांची सवय बदललीय की कुठल्यातरी मोठ्या कंपनीची मर्जी बदललीय? लांबून दोन्ही सारखंच दिसतं, आकडे वर जातात, जो तो त्याबद्दलच बोलत असतो. पण सवय एकदा बदलली की सहसा मागे फिरत नाही, आणि मर्जी एका मीटिंगमध्ये फिरते, त्या मीटिंगला तुला कोणी बोलावत नाही.

फोन ही सवय होती. २००७ ला आयफोन आला, २००८ च्या जुलैत ॲप स्टोअर उघडलं तेव्हा त्यात साधारण ५०० ॲप्स होती, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये वेबचा वापर मोजणाऱ्या स्टॅटकाउंटर कंपनीच्या मोजणीत जगभरात मोबाइल आणि टॅबलेटवरचा वेबचा वापर पहिल्यांदा डेस्कटॉपच्या पुढे गेला. मधल्या काळात 'आमची माणसं कॉम्प्युटरवरच येतात' म्हणत बसलेले किती जण होते, मी पण त्यांच्यातच होते थोडी. फेसबुकला सुद्धा उशीरच झाला होता. २०१२ ला शेअर बाजारात उतरले तेव्हा मोबाइलवरून त्यांना म्हणावी अशी कमाईच नव्हती, त्यांचं मोबाइल ॲप आतून वेबवरच चालायचं आणि रखडत चालायचं. मग त्याच वर्षी त्यांनी ते नव्याने बांधलं आणि त्यांच्या झुकरबर्गने सप्टेंबरमध्ये स्टेजवर बसून कबूल केलं की एचटीएमएल५ वर, म्हणजे वेबच्याच तंत्रावर, एवढी भिस्त ठेवणं ही कंपनी म्हणून आमची सगळ्यात मोठी चूक. २०१३ च्या शेवटच्या तिमाहीत जाहिरातींच्या कमाईतला अर्ध्याहून जास्त हिस्सा मोबाइलवरून यायला लागला होता. सवय उशिरा ओळखली तरी धावून गाठता येते, कारण ती तिथेच असते.

आता मर्जी बघ. २००९ ला झिंगा कंपनीचा फार्मव्हिल हा शेतीचा खेळ आला, फेसबुकवर ज्याच्या त्याच्या भिंतीवर कोणाची तरी हरवलेली गाय फिरत होती. २०१० मध्ये फेसबुकने खेळांच्या नोटिफिकेशनना लगाम घातला, कारण न खेळणारे वैतागले होते, आणि फुकटात मिळणारी गर्दी तिथेच आटायला लागली. गंमत म्हणजे झिंगा काही किरकोळ भाडेकरू नव्हती, २०११ मध्ये फेसबुकच्या एकूण उत्पन्नातले १२ टक्के तिच्यामुळे येत होते, तरीही. २०१५ मध्ये मीरकॅट नावाचं लाइव्ह व्हिडिओचं ॲप ट्विटरच्या जोरावर काही दिवसांत सगळ्यांच्या तोंडी झालं, ट्विटरने त्याच सुमाराला पेरिस्कोप विकत घेतलं होतं, मार्चमध्ये त्यांनी मीरकॅटला आपल्याकडची 'कोण कोणाला फॉलो करतो' ही माहिती द्यायची बंद केली आणि खेळ तिथेच फिरला. आणि ज्यांच्या दारात आपण सगळे उभे असतो ते स्वतः तरी कुठे मालक आहेत? एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवर 'या ॲपला तुमचा माग काढू द्यायचा का' असं विचारायला लावलं, बहुतेक लोक नाही म्हणाले, आणि पुढच्या फेब्रुवारीत मेटाने, म्हणजे फेसबुकच्याच कंपनीने, सांगितलं की या एका बदलाचा फटका त्या वर्षी साधारण १० अब्ज डॉलरचा बसेल. एवढ्या मोठ्या कंपनीला जे टळलं नाही ते तुला पाच जणांत टळणार आहे होय?

माझंही सांगते. खूप वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी एक छोटंसं क्विझ बनवलं होतं, एका मोठ्या सोशल नेटवर्कच्या आत चालायचं, रोज सकाळी उठून आधी आकडा बघायचा आणि मग ब्रश, अशी अवस्था. एक दिवस त्यांचा नियम बदलला. आकडा आदल्या दिवशीपेक्षा इतका खाली होता की आम्हाला वाटलं मोजणीतच बग आहे, दोन दिवस आम्ही तो बग शोधत होतो, खरंच. मग त्या खेळणाऱ्या सगळ्यांना काहीतरी कळवावं म्हटलं तर आमच्याकडे एकाचाही ईमेल नव्हता. एकाचाही नाही. दुसऱ्याच्या ओसरीवर पथारी मांडली होती आणि पाहुणे आपले आहेत असं समजत होतो. रीच पडल्याचं दुःख मला आहे, पण तुझा प्रश्न रीच नाहीये, तीन वर्षांत त्या लोकांपर्यंत स्वतःहून पोचायची सोय तू केलीस का, हा आहे, आणि पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही म्हणजे बहुतेक केली नसावीस.

ती सोय करायला घे आधी. ईमेल, नोटिफिकेशन, जे मिळेल ते, पण योग्य वेळी माग. ॲप उघडल्या उघडल्या 'नोटिफिकेशन चालू करा' विचारलं की माणूस वाचायच्या आधीच नाही म्हणतो, आयफोनवर ही परवानगी पहिल्यापासून मागावी लागते आणि अँड्रॉइडवर पण १३ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून मागावी लागते, आणि एकदा नाही म्हटलेला माणूस सेटिंगमध्ये जाऊन परत चालू करेल ही आशा सोड. त्याने 'मी येतोय' दाबलं की मग विचार, 'वेळ बदलली तर कळवू का?' आता हो म्हणायला त्याच्याकडे कारण आहे.

आता पार्टनरच्या फीडकडे येते. शॉर्ट व्हिडिओ ही सवय आहे का, तर आहे, शंभर टक्के. व्हाइन २०१३ मध्ये सहा सेकंदांचे व्हिडिओ घेऊन आलं, चारेक वर्षांत मालकांनी बंद केलं, पण सवय मेली नाही, ती टिकटॉकने उचलली, २०२० मध्ये इन्स्टाग्रामने रील्स काढली, यूट्यूबने शॉर्ट्स काढले. पण सवय कसली आहे ते बघ ना. आडवं पडून अंगठ्याने वर सरकवत राहायची. तुझ्या ॲपवर माणूस येतो तो उभ्या उभ्या वीस सेकंदांसाठी, 'येतो' म्हणायला, आणि जातो. तो तुझ्याकडे रमायला येतच नाही, आणि ते चांगलंच आहे की, तेवढ्यासाठीच तर तू त्याला आवडतोस! दुसऱ्याच्या घरातली सवय आपल्या घरात आणून ठेवली की ती लागतेच असं नाही. स्टोरीजचं, म्हणजे एका दिवसात आपोआप गायब होणाऱ्या पोस्टचं, काय झालं आठव. स्नॅपचॅटने ऑक्टोबर २०१३ मध्ये आणल्या, इन्स्टाग्रामने ऑगस्ट २०१६ मध्ये जशाच्या तशा उचलल्या आणि चालवून दाखवल्या, मग सगळ्यांनाच हव्या झाल्या. ट्विटरने नोव्हेंबर २०२० मध्ये फ्लीट्स नावाने तसंच काढलं आणि पुढच्या ऑगस्टमध्ये गुंडाळलं, लिंक्डइनने पण २०२१ मध्येच आपल्या स्टोरीज बंद केल्या. त्यांच्याकडे माणसं होती, पैसा होता, आधीच जमलेली गर्दी होती. तुझ्याकडे आठ महिने आहेत, आणि फीड म्हणजे नुसता कोड नाही, रोज नवीन व्हिडिओ कोण टाकणार, घाणेरडं काही आलं तर रात्री दोन वाजता कोण काढणार, व्हिडिओ साठवायचं बिल कोण भरणार.

पार्टनरला मात्र मोडीत काढू नकोस. त्याला व्हिडिओत रस असेल तर बनवू दे, जिथे लोक आडवे पडून बघतायत तिथे टाकू दे, पत्रकासारखं. चाललं तर चाललं. फक्त पत्रक वाटायच्या जागेला आपलं ऑफिस समजायचं नाही.

आणि आता तुझा ता.क. मला खरं तर सगळं पत्र त्यावरच लिहायचं होतं. अरे, ज्याची तुला चिडचिड होते तोच तुझा ट्रेंड आहे!

गेल्या दहा-पंधरा वर्षांत लोकांची एक सवय फार गुपचूप बदललीय, सगळ्यांसमोर भिंतीवर लिहिण्यापेक्षा ओळखीच्या दहा-वीस जणांच्या चॅटमध्ये टाकायचं. याचे आकडे दिसत नाहीत म्हणून याबद्दल बोंबाबोंब पण कमी होते. खासगी मेसेजमधून आलेला माणूस तुझ्या ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे कोण कुठून आलं याच्या मोजणीत, 'डायरेक्ट' म्हणून पडतो, जसं काही त्याने पत्ता स्वतः टाइप केला, २०१२ पासून याला डार्क सोशल असं नाव पण आहे. मार्च २०१९ मध्ये झुकरबर्गने सुद्धा लिहून टाकलं की इतकी वर्षं गावच्या चौकासारखं काहीतरी बांधलं, पण आता लोकांना दिवाणखान्यात बोलल्यासारखं बोलायचंय. तुझे ग्रुप चालवणारे रोज तेच तर करतायत, तुझी यादी उचलून दिवाणखान्यात नेऊन ठेवतायत.

लोक आपल्या वस्तूचा 'चुकीचा' वापर करायला लागले की चिडायचं नसतं, जवळ जाऊन बघायचं असतं. ट्विटरवरचा हॅशटॅग कंपनीने काढलेला नाही, ऑगस्ट २००७ मध्ये ख्रिस मेसिना नावाच्या एका वापरणाऱ्याने सुचवला, कंपनीला आधी फारसा पटलाही नव्हता, २००९ मध्ये त्यांनी तो दाबता येईल अशी लिंक केली. रीट्वीटचं पण तेच, लोक हाताने 'आरटी' लिहून कॉपी-पेस्ट करत होते, बटण नंतर आलं, तेही २००९ मध्येच. तुझ्याकडे बटण आधी आहे आणि लोक हातानेच करतायत, म्हणजे बटणात काहीतरी गडबड आहे, लोकांत नाही.

गडबड काय असेल ते मी न बघता सांगते. आज संध्याकाळी अशा कोणाचा तरी फोन घे ज्याच्यात तुमचं ॲप नाही, चॅटमध्ये आलेली तुमची लिंक त्यावर दाब आणि 'मी येतोय' म्हणेपर्यंत किती वेळा बोट लावावं लागतं ते मोज. आधी 'ॲपमध्ये उघडा', मग स्टोअर, मग डाउनलोड, मग नंबर, मग ओटीपी, मग प्रोफाइलचा फोटो, आणि हे सगळं कशासाठी तर एक हो किंवा नाही सांगायला. स्क्रीनशॉटला यातलं काहीच लागत नाही. ग्रुप चालवणारा शहाणा आहे, त्याला माहितीय की लिंक टाकली तर तीन जण उघडतील आणि फोटो टाकला तर सगळे बघतील.

म्हणून तुझ्या डेव्हलपरला सांग, वेब बंद करायचं नाही, उलट वेब हेच सदस्यांचं दार आहे. तिचं म्हणणं मला कळतं हं, पाच जणांत दोन-दोन गोष्टी सांभाळताना जीव जातो, तिचा वैताग अगदी खरा आहे. मग वेब छाटून टाक. वेबवर सदस्यांसाठी एकच पान ठेव, तारीख, वेळ, जागा, यादी आणि दोन बटणं, लॉगिन नाही, नुसतं नाव टाकलं की झालं. बाकीचं सगळं ग्रुप चालवणाऱ्याचं काम ॲपमध्ये राहू दे, तो आठवड्यातून चार वेळा येतो, तो करतो डाउनलोड. त्याच्यासारखेच पुढे पैसे देणार, आणि ॲपमधून पैसे घेशील तेव्हा स्टोअरचा वाटा धरूनच हिशोब कर, वर्षाला १० लाख डॉलरच्या आतल्या छोट्यांना २०२१ पासून ॲपलने ३० च्या जागी १५ टक्के केलाय, पण त्या योजनेत आपणहून नाव घालावं लागतं, कित्येक जण विसरतात. वेबवरून आयफोनला नोटिफिकेशन पाठवता येतं हे तिला माहीत असेलच, मार्च २०२३ मध्ये आलं ते, पण माणसाने ते पान होम स्क्रीनवर ठेवलं असेल तरच, आणि ते करणारे थोडेच, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका.

ते एक पान मात्र जीव लावून बनवा. लिंक चॅटमध्ये टाकल्यावर खाली जो छोटा फोटो आणि नाव दिसतं ना, ते पानाच्या कोडमध्ये लिहिलेल्या ओपन ग्राफच्या टॅगांवरून येतं, फेसबुकने २०१० मध्ये काढलेली पद्धत, आता जवळपास सगळेच वाचतात. तुमच्या सगळ्या लिंकांना बहुतेक एकच कंपनीचा लोगो येत असणार (नव्वद टक्के छोट्या कंपन्यांचं हेच असतं असा माझा आपला अंदाज). तिथे त्या ग्रुपचं नाव आणि तारीख-वेळ येऊ दे. 'बारा जण येतायत' असला आकडा मात्र तिथे घालू नका, ते प्रीव्ह्यू लिंक पाठवताना एकदा तयार होतं आणि बऱ्याचदा तसंच राहतं, संध्याकाळी वीस झाले तरी चॅटमध्ये बाराच दिसणार आणि लोक तुम्हालाच शिव्या घालणार. आणि लॉगिन काढलं म्हणजे ते पान उघडं झालं, हे विसरू नका, पूर्ण नावं दाखवू नका, लिंक अंदाजाने ओळखता येणार नाही एवढी लांब ठेवा, सर्चमध्ये येऊ देऊ नका.

शिवाय एवढं करूनही काही जण स्क्रीनशॉटच काढणार, तर काढू देत, पण मग यादी स्क्रीनशॉटसाठीच बनवा की! वीस नावं एका स्क्रीनमध्ये मावली पाहिजेत, आता बहुतेक एकेका नावाला मोठाल्ले गोल फोटो लावून ठेवलेत तुम्ही आणि सहा नावांत स्क्रीन संपते. तळाला ग्रुपचा छोटासा वाचता येईल असा पत्ता लिहा. क्यूआर नको, फोटो ज्या फोनवर आलाय त्याच फोनने तो स्कॅन कसा करायचा हे निम्म्या लोकांना कळत नाही.

एआयचं पटकन उरकते. एप्रिल २०१६ मध्ये फेसबुकने मेसेंजरवर बॉट, म्हणजे आपोआप उत्तर देणारे प्रोग्राम, उघडले तेव्हा पण असंच होतं, आता ॲप संपली, सगळं बॉटशी बोलूनच होणार, असं ज्याच्या त्याच्या तोंडी. बहुतेक बॉट कोणी वापरले नाहीत कारण तीन बटणांचं काम बारा वाक्यांत व्हायचं. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं ते निराळं प्रकरण आहे, त्याची सवय लोकांना खरंच लागलीय, हे मी मान्य करते. पण तुझ्याकडे येणाऱ्याला गप्पा मारायच्या नाहीयेत. एकाच ठिकाणी वापर, ग्रुप चालवणाऱ्याने 'शनिवारी सहाला, पाऊस असेल तर रविवारी, जास्तीत जास्त पंधरा' असं लिहिलं की कार्यक्रम आपोआप भरून यावा आणि त्याने फक्त बघून ठीक म्हणावं. ना नाव द्यायचं त्याला, ना हसरा चेहरा. आणि प्रत्येक वेळच्या वापराचे पैसे लागतात हे हिशोबात धर. पैसेवाल्यांना हेच दाखव, आणि त्यासोबत दोन महिन्यांनी एक आकडा दाखव, शंभर जणांनी लिंक उघडली तर त्यातल्या किती जणांनी उत्तर दिलं, आणि त्या उत्तर देणाऱ्यांतल्या किती जणांनी पुढे स्वतःचा ग्रुप काढला. हा दुसरा आकडा वर जात असेल तर रीच पडली काय आणि चढली काय, तुझा प्रत्येक ग्रुपच पुढचा ग्रुप आणतोय. तो आकडा हलतच नसेल तर मला परत लिही, मग वेगळं बोलू.

या आठवड्यात काम एवढंच, स्क्रीनशॉट टाकणाऱ्यांपैकी पाच जणांना फोन कर. तुम्हाला काय फीचर हवंय असलं काही विचारू नकोस, लोक काहीही सांगतात आणि तू लिहून घेतोस. गेल्या आठवड्यात यादी ग्रुपमध्ये टाकल्यावर पुढे काय काय झालं ते वाचून दाखवा म्हण, कोण काय म्हणालं, कोणी उशिरा नाही म्हणून कळवलं, मग तुम्ही काय केलंत, परत नवीन स्क्रीनशॉट काढलात का. गप्प बसून ऐक. शेअरचं बटण कुठे आहे ते मात्र त्यांना सांगत बसू नकोस.